ईदनंतर आलेली दोन वादळे

उपनगरांतून निघणारी मदत लवकर पोहोचते आणि लवकर संपतेही. घर पुन्हा उभे राहायला मात्र वर्षे लागतात.

३ जून २०२५ रोजी निसर्ग चक्रीवादळाला पाच वर्षे पूर्ण झाली. त्या पावसाळ्यानंतर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांत ज्यांनी सुपारीची नवी रोपे लावली, त्यांची झाडे तेव्हा कुठे फळ धरण्याच्या वयाला येत होती. नारळाला आणखी एखाद-दोन वर्षे लागतात. वादळ काही तासांचे, बातम्या आठवडाभराच्या, मदतीचे ट्रक महिनाभराचे आणि नुकसान पाच-सात वर्षांचे, असा हा हिशेब आहे. आपत्तीनंतर एखादे कुटुंब सावरते म्हणजे काय होते, हे समजून घ्यायचे तर या चारही मुदती एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

आणखी दोन तारखाही शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. २०२० साली रमजान ईद २५ मे रोजी झाली आणि त्यानंतर नऊ दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग किनाऱ्यावर आले. २०२१ साली ईद १४ मे रोजी झाली आणि अवघ्या तीन दिवसांनी, १७ मे रोजी, तौक्ते मुंबईच्या किनाऱ्यालगतून गेले. मुस्लिम समाजात वर्षभराच्या दानाचा मोठा वाटा रमजानमध्येच दिला जातो. जकात, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या शिल्लक संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा, बहुतेक घरांतून याच महिन्यात काढला जातो. ईदच्या नमाजआधी गरिबांना द्यायचा फित्राही याच काळात वाटला जातो. त्या दोन्ही वर्षी टाळेबंदीमुळे हे दान शिधावाटपात आधीच खर्ची पडले होते. वादळे आली ती थैल्या रिकाम्या झाल्यावर.

हा निव्वळ योगायोग होता. तरीही त्याने एक जुनी अडचण उघडी पाडली. मदत देणाऱ्याच्या दिनदर्शिकेप्रमाणे मिळते आणि गरज घेणाऱ्याच्या दिनदर्शिकेप्रमाणे उभी राहते. ही अडचण एका समाजाची नाही. गणेशोत्सवातला मंडळाचा निधी, दिवाळीतला फराळ आणि कपडे, नाताळातल्या भेटी, पर्युषणातले दान, आर्थिक वर्षअखेरीला कंपन्यांकडून येणारा सामाजिक निधी, या सगळ्यांची हीच गत असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरसारख्या उपनगरांत देणाऱ्या हातांची कमतरता कधीच नव्हती. ते हात किती काळ पुढे राहतात, हा मुद्दा आहे.

मुंबई वाचली, पण कोणाची?

निसर्ग थेट मुंबईवर येईल, अशी भीती होती. किनाऱ्यावरच्या वस्त्या रिकाम्या केल्या गेल्या, लोकांना शाळांमध्ये हलवले गेले. ३ जूनच्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले आणि मुंबईने सुटकेचा नि:श्वास टाकला. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगड जिल्ह्यातले श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हे तालुके आणि रत्नागिरीतले मंडणगड, दापोली झोडपून काढले. वीज आणि फोन एकदमच गेले. काही गावांत वीज परत यायला कित्येक आठवडे लागले.

पण मुलुंड-भांडुपच्या चाळी, घाटकोपरची असल्फा आणि भटवाडी, अंधेरीचे मरोळ, बोरिवली-दहिसरच्या वसाहती यांत राहणाऱ्या हजारो कुटुंबांसाठी ‘मुंबई वाचली’ हे अर्धेच वाक्य होते. त्यांचे दुसरे घर त्या वाऱ्यात सापडले होते. आईवडील तिकडे, कमावणारा मुलगा इकडे, हा कोकणचा कित्येक पिढ्यांचा संसार आहे. हिंदू चाकरमान्यांच्या गावागावांची ग्रामस्थ मंडळे मुंबईत आहेत, तशाच कोकणी मुसलमानांच्या गावांच्या जमाती आहेत. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या अनेक मुस्लिम घरांची तिसरी शाखा आखाती देशांत असते. २०२० मध्ये या तिन्ही ठिकाणचा रोजगार एकाच वेळी अडला होता. जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. छप्पर उडाल्याचे कळले, पण जाता येईना आणि पाठवायला हातात पैसे नाहीत, अशी अवस्था होती.

तरीही मदत गेली आणि भरघोस गेली. ताडपत्र्या, पत्रे, तांदूळ-डाळ, मेणबत्त्या, सौरदिवे यांचे टेम्पो मुंबईतून निघाले. ते भरताना कोणी कोणाची जात किंवा मजहब विचारला नाही, ही त्या जूनची चांगली आठवण आहे. त्या मदतीबद्दल बोट ठेवण्यासारखे काही नाही. बोट ठेवायचे ते तिच्या मुदतीवर.

पहिले आठ दिवस, पुढचे आठ महिने

आपत्तीनंतरची गरज साधारण तीन टप्प्यांत बदलत जाते. पहिल्या आठ-दहा दिवसांत अन्न, पिण्याचे पाणी, डोक्यावर आडोसा आणि औषधे हवी असतात. या टप्प्यात स्वयंसेवी हात सरकारच्याही आधी पोहोचतात आणि बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त सामान येऊन पडते. रस्त्यालगतच्या गावाला तीनदा शिधा मिळतो आणि आतल्या वाडीला एकदाही मिळत नाही, हे चित्रही नेहमीचेच.

दुसरा टप्पा दोन-तीन महिन्यांचा. पडलेली झाडे तोडून हलवायची, विहिरी उपसायच्या, पावसाळा अंगावर असताना छप्पर घालायचे. निसर्गनंतर इथेच पहिली दमछाक झाली. सुपारीच्या वाडीत आडवी झालेली झाडे इतकी होती की, ती कापून बाहेर काढायची मजुरीच अनेकांना झेपेना. कौले मिळेनात, पत्र्यांचा तुटवडा पडला आणि भाव चढले. गावात एकाच वेळी शंभर छपरे घालायची तर सुतार आणायचे कुठून, हाही प्रश्न होताच. या टप्प्यावर तांदळाच्या पोत्यापेक्षा एक यांत्रिक करवत, चार कारागीर आणि त्यांची आठवडाभराची मजुरी जास्त उपयोगाची ठरते. मात्र तोवर मदतीचा ओघ आटलेला असतो.

तिसरा टप्पा वर्षांचा. घराची नीट दुरुस्ती, बुडालेले कर्ज, मुलांची फी, नवी बाग, नवी होडी, नवे जाळे. या टप्प्याला छायाचित्र नसते, त्यामुळे आवाहनही नसते. कुटुंब सावरते किंवा खचते ते इथे. दागिना मोडला जातो, मुलगी बारावीनंतर घरी बसते, जमिनीचा तुकडा विकला जातो आणि यातले काहीही वादळाच्या नुकसानीत मोजले जात नाही.

नुकसान मोजायचे कसे

सरकारी मदत येते ती पंचनाम्यावरून. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी जागेवर जाऊन नोंद करायची, ती तहसीलदारांकडे जायची आणि रक्कम बँक खात्यात जमा व्हायची, ही पद्धत योग्यच आहे. सार्वजनिक पैसा हिशेबाशिवाय वाटता येत नाही. पण कागदावरचे कुटुंब आणि प्रत्यक्षातले कुटुंब यांच्यात कोकणात मोठी तफावत आहे.

सातबाऱ्यावर अनेकदा वारलेल्या आजोबांचे नाव असते. वारसनोंद झालेली असली तर आठ-दहा नावे सामाईक असतात. त्यातला एक भाऊ नालासोपाऱ्यात, एक दुबईत, बहीण पनवेलला आणि वाडी राखणारी विधवा भावजय गावात. पैसे तिच्या खात्यात जमा व्हायचे तर इतरांची संमतीपत्रे लागतात. चाकरमान्याच्या बंद घराचे छप्पर उडाले, पण पंचनाम्याला हजर राहायला माणूस नाही. ज्यांच्या पायाखाली स्वतःची जमीनच नाही, अशा कातकरी वाड्यांची परिस्थिती तर याहून बिकट होती. दुसऱ्याच्या जागेत उभ्या असलेल्या कुडाच्या घराला ना घरपट्टी, ना उतारा.

आता रकमांकडे पाहू. निसर्गच्या वेळी केंद्राच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५,१०० रुपये मिळत होते. राज्य सरकारने जून २०२० मध्येच ती रक्कम दीड लाख केली. फळबागांसाठी हेक्टरी १८,००० रुपयांचा निकष होता, तो ५०,००० रुपये केला. दोन्ही निर्णय दिलासा देणारे होते. तरी मोजमाप हेक्टरचेच राहिले. श्रीवर्धन-मुरूडकडची वाडी हेक्टरमध्ये नसते, ती गुंठ्यांत असते. अरुंद, लांबट जागेत सुपारी, नारळ, जायफळ, मिरी, केळी दाटीने लावलेली असतात. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीचे पाच हजार. त्यात पडलेली झाडेही उचलून होत नाहीत. म्हणूनच तेव्हा झाडामागे भरपाई द्यावी, अशी मागणी जोरात पुढे आली. मैदानी शेतीसाठी केलेले माप किनाऱ्यावरच्या बागेला लागू पडत नाही, हे निसर्गने दाखवून दिले.

घरांच्या बाबतीतही असाच पेच आहे. चक्रीवादळ भिंती क्वचित पाडते, छप्पर मात्र उचलून नेते. छप्पर उडाले, भिंती उभ्या आहेत, तर बहुतेक वेळा ती ‘अंशतः पडझड’ ठरते. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये होते. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये. ज्याचे अख्खे छप्पर गेले त्याने साडेसहा हजारांत काय करावे? राज्य सरकार दर वाढवू शकते आणि निसर्ग-तौक्तेच्या वेळी ते वाढवलेही गेले. मात्र तो निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो. सरकार कोणते, आपत्ती किती गाजली, दौरे किती झाले, यावर गरिबाच्या छपराचा भाव ठरावा, हे बरे नाही.

या मोजमापात न बसणारा आणखी एक माणूस आहे. सुपारी-नारळाच्या झाडावर चढून फळ उतरवणारा पाडेली. झाड त्याच्या मालकीचे नाही, म्हणून त्याचा पंचनामा नाही. वाडीतली झाडे आडवी झाली तेव्हा बागायतदाराचे पीक गेले आणि पाडेल्याचा पुढच्या कित्येक वर्षांचा रोजगार गेला. सुपारी सोलणाऱ्या बाया, मासळी सुकवणाऱ्या आणि डोक्यावरून विकणाऱ्या कोळणी, होडीवर रोजाने जाणारे खलाशी हे सगळे याच रांगेत आहेत. सरकारचा निकष मालमत्तेचे नुकसान मोजतो आणि मजुरीचे नुकसान त्याच्या नजरेतून सुटते. दान देणाऱ्या संस्थांनी नेमके याच जागी उभे राहायला हवे. जिथे सरकारचा हात पोहोचतो तिथे आणखी एक हात घालण्यापेक्षा, जिथे नियमामुळे तो पोहोचूच शकत नाही ती घरे शोधणे जास्त पुण्याचे आणि सवाबाचे काम आहे.

घर बांधून द्यायचे की बांधू द्यायचे?

महाराष्ट्राने पुनर्वसनाचा मोठा धडा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर गिरवला. लातूर-धाराशिव भागातली पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली गेली. सरकार, जागतिक बँक, देशभरातल्या संस्था यांनी पक्की घरे बांधली. घरे मजबूत होती, पण अनेक ठिकाणी ती शहरी वसाहतीसारखी आखली गेली. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, वाड्याचे अंगण कुठे गेले, हे प्रश्न राहायला गेल्यावर पडले. उलट जिथे लोकांनी सरकारी अर्थसाहाय्य आणि अभियंत्याचे मार्गदर्शन घेऊन आपली घरे स्वतः दुरुस्त केली, तिथे ती घरे त्यांची राहिली. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर गुजरातने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. रक्कम हप्त्याने द्यायची, एका टप्प्याचे काम नियमाप्रमाणे झाल्याची तपासणी झाली की पुढचा हप्ता द्यायचा आणि घर मालकाने आपल्या गरजेप्रमाणे बांधायचे.

कोकणातही हीच पद्धत शहाणपणाची आहे. मदत म्हणून वीस पत्रे टाकून निघून आले, तर पुढच्या वादळात तेच वीस पत्रे शेजाऱ्याच्या अंगणात पडतील. वारा छपराला वरून दाबत नाही, तो त्याला खालून उचलतो. पडवीच्या पुढे आलेल्या कडेखाली वारा शिरला की तिथून सुरुवात होते. म्हणून कडेला आणि कोपऱ्यांना बोल्ट जवळजवळ हवेत, नुसते खिळे ठोकून भागत नाही. पत्रा वाशाला, वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडाला किंवा लोखंडाला आणि ते भिंतीच्या आत जखडलेले हवे. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवले, तर पडवी गेली तरी घर वाचते. ही माहिती अवघड नाही आणि खर्चही मोठा नाही. पत्र्यांसोबत बोल्टची पेटी आणि ते बसवून दाखवणारा कारागीर पाठवला, तर त्याच रकमेचे आयुष्य कित्येक पटीने वाढते.

उपनगराचा स्वतःचा किनारा

मदत फक्त मुंबईतून कोकणात जायची असते, हा समज तौक्तेने मोडला. १७ मे २०२१ रोजी वाऱ्याने मुंबईतही ताशी शंभरचा वेग ओलांडला आणि सांताक्रूझला दिवसभरात दोनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. करोनाची दुसरी लाट ओसरत होती. दहिसर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि मुलुंड इथल्या मोठ्या करोना केंद्रांतल्या ५८० रुग्णांना वादळाच्या आधीच पक्क्या इमारतींतल्या रुग्णालयांत हलवले गेले. त्यात मुलुंडचे १५४ आणि दहिसरचे १८३ रुग्ण होते. ही तयारी वाखाणण्यासारखी होती. वेसावे, मढ, मनोरी, गोराईच्या किनाऱ्यावर मात्र नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आपटल्या, जाळी गेली. १ जूनपासून मासेमारीबंदी लागणार होती, म्हणजे हंगामाचे शेवटचे कमाईचे दोन आठवडेही हातचे गेले. केंद्राच्या तेव्हाच्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीची मदत होती ९,६०० रुपये. राज्याने ती वाढवली, तरी लाखांत किंमत असलेल्या यांत्रिक नौकेपुढे वाढीव रक्कमही तोकडीच होती.

वादळाला नाव असायलाच हवे, असेही नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरजवळ वादळी वाऱ्यात महाकाय होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि १७ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी उपनगरांतल्या डोंगरउतारावरच्या आणि नाल्याकाठच्या कित्येक घरांचे पत्रे हलले असतील, त्याची बातमी झाली नाही. दर मे महिन्यात या वस्त्यांच्या छपरांवर निळ्या ताडपत्र्या चढतात आणि त्या उडू नयेत म्हणून वर दगड, विटा, जुने टायर ठेवले जातात. जोराच्या वाऱ्यात हेच दगड खालच्या गल्लीत येतात. भाडेकरूची स्थिती आणखी नाजूक. घर मालकाच्या नावावर, भाड्याची पावती नाही आणि भिजलेले शिवणयंत्र, फ्रीज, मुलांची पुस्तके त्याची.

अरबी समुद्र पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही, असे हवामानतज्ज्ञ सांगत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी या समुद्राचे वाढते तापमान आणि वादळांची वाढती संख्या व तीव्रता यांच्याकडे वारंवार लक्ष वेधले आहे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले, २०१९ या एकाच वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली आणि पुढच्या दोन वर्षांत निसर्ग व तौक्ते. पुढचे वादळ कधी येईल, हे कोणी सांगू शकत नाही. ते बहुधा मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येईल, एवढे मात्र ठाऊक आहे.

मार्चमधले दान मेपर्यंत

इथे रमजानचा संबंध पुन्हा येतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तितकाच अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये तो मार्चमध्ये होता, २०२६ मध्ये तो फेब्रुवारीतच सुरू होतो आणि २०३० मध्ये तो जानेवारीत येईल. म्हणजे दानाचा महिना आणि पावसाळ्याच्या तोंडावरची वादळे यांतले अंतर येत्या काही वर्षांत वाढतच जाणार आहे. ईदच्या चांदरातीला सगळी थैली रिकामी करण्याची सवय राहिली, तर जूनमध्ये पुन्हा चंदा गोळा करत फिरावे लागेल.

यात धार्मिक अडचण दिसते तेवढी मोठी नाही. फित्रा ईदच्या नमाजआधीच द्यायचा असतो, त्याला हात लावायचा प्रश्न नाही. जकात कोणाला द्यायची, याचे नियम ठरलेले आहेत. पण ती रमजानमध्येच दिली पाहिजे, असे बंधन नाही. ज्याचे वर्ष ज्या महिन्यात पूर्ण होते, त्या महिन्यात तो हिशेब करतो. सदका आणि इतर ऐच्छिक दान तर कोणत्याही दिवशी, कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येते. उपनगरांतल्या मशिदींच्या समित्या, जमाती आणि तरुणांच्या संस्थांनी या ऐच्छिक दानाचा चौथा हिस्सा जरी वेगळ्या खात्यात नोव्हेंबरअखेरपर्यंत राखून ठेवला आणि वादळ न आल्यास तो आधीच्या आपत्तीतल्या एखाद्या अर्धवट राहिलेल्या घराला दिला, तरी मोठा फरक पडेल. खात्याचा हिशेब फळ्यावर लावला की शंकाही राहत नाही. गणेशोत्सव मंडळांनी, जैन संघांनी, गुरुद्वारांनी, चर्चच्या समित्यांनी हेच केले, तर एका प्रभागात चार-पाच राखीव निधी तयार होतील. वादळाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी एकत्र बसून गावे आणि गल्ल्या वाटून घेतल्या, की एकाच घराला तीनदा शिधा जाणार नाही.

दुसरे काम पैशाचे नाही, कागदाचे आहे. २०२५ मध्ये शिमगा आणि रमजान एकाच पंधरवड्यात आले होते. १३ मार्चला होळी होती. पालखी नाचवायला चाकरमानी गावी जातात, ईदसाठी कोकणी मुस्लिम कुटुंबेही जातात. वर्षभर न भेटणारे भाऊबंद या दिवसांत एका पडवीत बसलेले असतात. वारसनोंदीचा अर्ज, जो आता ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो, वाडी राखणाऱ्या बाईच्या नावे संमतीपत्र, घरपट्टीची पावती, घराची चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे, बँक खाते चालू आहे का याची खात्री, एवढे या सुट्टीत झाले तर पुढच्या पंचनाम्यातले निम्मे हेलपाटे वाचतील. वकिली शिकणारी, महसूल खात्यातून निवृत्त झालेली, संगणक जाणणारी माणसे प्रत्येक ग्रामस्थ मंडळात आणि जमातीत आहेत. त्यांचा एक रविवार हेही दानच आहे. उपनगरातल्या भाडेकरूंसाठी भाडेकरार, वीजबिल, शिधापत्रिका यांच्या प्रती मोबाइलमध्ये जपून ठेवण्याची शिबिरे अशीच घेता येतील.

तिसरे काम मुदतीचे. संस्थांनी शंभर कुटुंबांना एकदाच शिधा देण्याबरोबर पाच कुटुंबे तीन वर्षांसाठी पत्करायला हवीत. पहिल्या वर्षी छप्पर, दुसऱ्या वर्षी रोजगाराचे साधन, तिसऱ्या वर्षी मुलांच्या शिक्षणाचा खर्च. पाडेल्याला चढण्याचे सुरक्षित साधन, कोळणीला शीतपेटी, शिवणकाम करणारीला यंत्र. कोणती पाच कुटुंबे घ्यायची, हे गावच्या शाळेतले शिक्षक, आशा सेविका आणि बचत गटातल्या बाया बिनचूक सांगतात. त्यात विधवेचे घर, कातकऱ्याचे घर, भाडेकरूचे घर आधी यावे. ज्यांच्यापाशी कागद आहे त्यांना सरकार उशिरा का होईना, काही देईल. या घरांना ते देऊ शकणार नाही.

सरकारनेही आपल्या बाजूची दुरुस्ती करायला हवी. किनारी तालुक्यांतल्या बागांसाठी झाडनिहाय निकष कायमचा ठरावा, छप्पर पूर्ण उडालेल्या घरासाठी ‘अंशतः’ आणि ‘पूर्ण’ यांच्यामधला एक टप्पा असावा आणि मजुरी बुडालेल्यांची नोंद पंचनाम्याच्या नमुन्यातच व्हावी. केंद्राचे २०२२ पासूनचे निकष २०२६ पर्यंतचेच होते. रायगड-रत्नागिरीच्या आणि मुंबई उपनगरांच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय मांडण्यासाठी पुढच्या वादळाची वाट पाहण्याची गरज नाही.

 दर रमजानमध्ये मोहल्ल्यांतून पावतीपुस्तके फिरू लागतात, शिधावाटपाच्या याद्या तयार होतात. त्या याद्यांच्या शेवटी एक पान कोरे ठेवावे आणि त्यावर ‘मे ते नोव्हेंबर’ असे लिहून ठेवावे.